दारात दुखणेकरी नको

तपासणीला आलेल्या सायबांस्नी, धावजी मेंगाळचा रामराम.

न्हाई, आमी दवाखाना बंद ठेवला नव्हता. आमच्या ठाकरवस्तीनंच चालवलेला दवाखाना त्यो, बंद कशापायी ठेवू? पण पाव्हणा यायच्या टायमाला दारात दुखणेकरी दिसू नये, ही आमची रीत हाय. म्हणून दवाखान्याची झाडलोट बघणाऱ्या सोजराबाईनं सकाळीच समदे पेशंट घरी धाडले आन् अंगण सारवलं. तुमी मोकळा बाक बघून म्हणालात, "पेशंटच नाहीत, कामगिरी शून्य." आता त्या शेऱ्यावरून सरकारनं दिलेली नर्सबाई काढून घेतली. सोजराबाईच्या सुनंचे दिवस भरलेत. परवा सोजराबाई मला म्हणती, "आबा, सायबांस्नी चहा आवडला न्हाई का वो?"

पाव्हण्याला बोल लावू नये, हीबी आमची रीतच. म्हणून हे पत्र धाडणार न्हाई, आन् म्होरं एक अक्षर लिहिणार न्हाई.

धावजी