गोवराची सुई

मंगळवार, दिवेलागणीले

आज अंगणवाडीत गोवराची सुई होती. सून नातवाले घेऊन गेलीच नाही. मोबाईलवरची कोणती बाई सांगते म्हणे, लेकराले नैसर्गिक ताकद येऊ द्या. पाळण्याले कडुनिंबाचा डगाळा बांधला, झालं!

डगाळा! माह्या शेवंताच्या पाळण्यालेही सासूनं तोच बांधला होता. गोवर म्हणजे देवी, दवाखान्यात नेऊ नये म्हणे. पोरगी त्याच पाल्याखाली गेली.

"आई, तुमचा काळ वेगळा होता," सून म्हणते. काहून वेगळा? निंब तोच, गोवर तोच.

पोराले म्हटलं, "तू तरी बोल."

"माय, तिनं सगळं वाचलं आहे."

"अन् म्या पुरलं आहे."

उद्या नर्सबाईले घरीच बोलावीन. पाहू, कोण अडवते मले.