टीव्हीनं फोडलेलं गुपित

१२ एप्रिल
सौ. मिरच्या कुटून आणायला डंकावर गेली नि रिकाम्या हातानं परत आली. म्हटलं, चटणी कुठाय? "कसली चटणी?" माझ्याकडंच बघत राहिली. हसण्यावारी नेलं. जेवण गेलं नाही.

१३ एप्रिल
माझी बोटं जाड, टाइप जमत नाही. फोनला बोलूनच विचारतो सगळं. न्हाणीत जाऊन हळूच विचारलं, माणूस विसरायला लागलं तर काय करायचं? फोन उत्तर मोठ्यांदा वाचायला लागला! नळ सोडला धाडकन.
"अवं, कुणाशी बोलताय?"
"गवळ्याशी."
न्हाणीत गवळी. असो. नंतर गच्चीवर बसून तसलेच व्हिडिओ बघितले. हिला एवढ्यात कळायला नको. खचेल.

१४ एप्रिल
बावड्याला राहणाऱ्या लेकीला, सुनीताला फोन केला. कशासाठी ते सांगितलं नाही. "आबा, गुप्त टॅब उघडायचा, तिथलं मागं राहत न्हाय. आधीचं शोधलेलं पुसून टाका." पुसलं. हुश्श.

१६ एप्रिल
सगळं पाण्यात. ही मालिका लावायला बसली तर टीव्हीवर ओळीनं तेच. स्मृतिभ्रंश, लक्षणं, घरच्यांनी काय करावं... हिनं रिमोट ठेवला, आत गेली.
सुनीता म्हणते, "शोधलेलं पुसलं, व्हिडिओ कुठं पुसलं? फोनला आणि टीव्हीला एकच अकाउंट घातलंय की मी. दोन पासवर्ड तुमच्या ध्यानात राहणार हाय व्हय?"
हे ती आता सांगतीय!

१७ एप्रिल
चहा देताना हिनं हात धरला. "कवापास्नं व्हतंय तुमाला?"
मला उमजेना.
"टीव्हीवर बघितलं म्या. माज्यापास्नं लपवताय? मी हाय की."
डोळे भरलेले. हिला वाटतंय, दुखणं मला! तोंड उघडलं, पण... "थोडंसंच हाय," म्हणालो.

१९ एप्रिल
पुसापुशी सोडली. दमलो. आता माझ्यावर हिची नजर. चष्मा हातात, चपला पायाशी. जेवलात काय, हे मात्र जेवून उठल्यावरही विचारते.

२१ एप्रिल
उद्या डॉक्टर. हीच हट्टानं नेतेय मला. सुनीताला सकाळी गच्चीवरनं खरं सांगितलं. रडली. संध्याकाळी नंबर लावायला तिचाच फोन, "आबा, पेशंट म्हणून नाव कुणाचं सांगू?" ही शेजारीच बसलेली. मागाहून सांगतो म्हटलं. अजून सांगितलं नाही.
हिनं माझा सदरा इस्त्री करून ठेवलाय.
"घाबरू नगा. डॉक्टरास्नी मी सांगती सगळं."