गाडी खाली का बसते

३ सप्टेंबर, सकाळी साडेआठ

गाडी आज पुन्हा जमिनीला टेकलेली. चारही बाजूंनी सारखी.

तिला स्प्रिंगा नाहीत, हवेचे रबरी फुगे आहेत. त्यांत हवा भरणारा कॉम्प्रेसर माझ्या चहाच्या किटलीहून लहान. आमच्या गल्लीचा चढ असा की गाडी उचलून घेतली नाही तर तिचं नाक घासतं. म्हणून वळण आलं की आमचे हे बटण दाबून तिला उचलतात आणि घरी पोचलं की उतरवतात. एकोणीस वर्षं हेच चाललंय. कॉम्प्रेसर कधी कुरकुरला नाही, कारण ह्यांचा नियम: एकदा उचलली की पाच मिनिटं त्याला विसावा. नागासाकीच्या बस डेपोत छत्तीस वर्षं ह्यांनी पोरांना तेच शिकवलं.

तेव्हा हवा गळते आहे, हे उघड आहे. उद्या गळती शोधून काढायची. मेकॅनिकची बायको आहे मी.

४ सप्टेंबर

साबणाचं पाणी करून प्रत्येक नळीवर, प्रत्येक फुग्यावर शिंपडलं. गळती असेल तिथे बुडबुडे येतात. एकही आला नाही. गुडघा मात्र सुजून आला.

निष्कर्ष: गळती फार बारीक आहे.

बाटली धरायला ह्यांना उभं केलं होतं. साबण कशासाठी, असं तीनदा विचारलं. कुंची उत्सवाच्या ढोलांची तालीम चालू होती, ऐकू आलं नसेल.

९ सप्टेंबर

इवानागांना बोलावलं. ह्यांच्या हाताखाली तयार झालेले. आता स्वतःचं गॅरेज आहे, साठी उलटली, तरी ह्यांना उस्तादच म्हणतात. त्यांनी गाडीतली नोंद वाचणारं एक मशीन जोडलं आणि आकडे दोनदा तपासले.

मग म्हणाले, "वहिनी, गळती नाही. कॉम्प्रेसरवर भार पडतोय. तापतो आणि स्वतःच बंद होतो. काल दुपारी दोन ते चार, गाडी एक्केचाळीस वेळा वर-खाली झालीय."

मी म्हटलं, तुमचं मशीन बिघडलंय.

"नवीन आहे, वहिनी."

नवीनच बिघडतात, मी म्हटलं. ते मशीनची वायर गुंडाळू लागले.

काल दोन ते चार मी चर्चमध्ये फुलं लावत होते. घरात फक्त हे. म्हणजे कोणीच नाही.

११ सप्टेंबर

लायसन्सच्या नूतनीकरणाचं पत्र आलं. पंच्याहत्तरीच्या वर स्मरणशक्तीची परीक्षा लागते. सोळा चित्रं दाखवतात, मग थोड्या वेळाने ती आठवायची. २० ऑक्टोबर. ह्यांना डेपोतल्या बसचे नंबर आजही पाठ आहेत. चित्रांची काय कथा.

फुकुओकाहून मिनाएचा फोन आला. "आई, बाबांचं लायसन्स परत करून टाक ना. किती जण करतात आता."

करू देत. मग ऊनझेनच्या डोंगरावर मेपलची पानं बघायला मला कोण नेणार?

म्हणाली, "परवा एका फोनमध्ये बाबांनी मला चारदा विचारलं, जेवलीस का."

बाप आहे तो, विचारणारच.

१५ सप्टेंबर, दुपारी साडेचार

फुलांना गेले नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाळत ठेवली.

हे गाडीत बसले. गाडी उचलली. उतरले, लाकडी पट्टीने चाकावरची उंची मोजली, कागदावर लिहिली. गाडी उतरवली. पुन्हा बसले. पुन्हा उचलली. कॉम्प्रेसरचा आवाज चढत चढत शेवटी नुसता हुंदक्यासारखा झाला.

बाहेर गेले तर म्हणाले, "बरं झालं आलीस, तोशिए. एकदा उंची तपासून घेतो म्हणजे झालं."

कागदावर एकच आकडा सव्वीस वेळा. अक्षर इतकं सुरेख की आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टरनीसुद्धा शाबासकी दिली असती.

तपासणीच ती. मेकॅनिक तपासणार नाही तर कोण? मात्र एकदाच तपासा म्हणून सांगायला हवं.

१६ सप्टेंबर

बटणाशेजारी चिठ्ठी चिकटवली: एकदाच दाबा.

ह्यांनी चिठ्ठी वाचली, मान डोलावली, बटण दाबलं. मग चिठ्ठी वाचली, मान डोलावली, बटण दाबलं.

चूक माझी. अक्षर बारीक होतं.

१८ सप्टेंबर

मोठं अक्षर, लाल शाई. फरक नाही. लाल रंग उन्हात दिसत नसावा.

२४ सप्टेंबर

आज ठाम निश्चय. किल्ली तांदळाच्या डब्यात लपवली. कॉम्प्रेसरला निदान आठवडाभर विश्रांती.

हे सकाळपासून शोधत होते. ड्रॉवर, कोटांचे खिसे, बुटांच्या आत. जेवायला या म्हटलं तर म्हणाले, कामावर उशीर होईल. चार वाजता बघते तर दाराच्या पायरीवर बूट घालून, मांडीवर हात ठेवून बसलेले. शाळेतून न्यायला कोणी आलं नाही की मुलं बसतात तसे.

किल्ली दिली. "तांदळात पडली होती वाटतं," म्हटलं. खूप हसले. किती दिवसांनी.

शिवाय, गाडी न वापरता ठेवली तर इथल्या दमट हवेत आतला भाग गंजतो. माझा निर्णय शास्त्रीय आहे.

२ ऑक्टोबर

इवानागांनी फोनवर युक्ती सांगितली: "वहिनी, कॉम्प्रेसरचा फ्यूजच काढून घ्या. बटण दाबलं तरी तो चालणार नाही." सकाळी नऊला काढला. वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी!

दुपारी ह्यांनी बटण दाबलं. शांतता. हे उतरले, झाकण उघडलं, एका नजरेत रिकामी जागा हेरली, आपल्या पेटीतून नेमका तेवढ्याच क्षमतेचा फ्यूज काढून बसवला. चार मिनिटं. मी घड्याळ लावलं होतं.

लगेच मिनाएला फोन केला. म्हटलं, विसराळू माणसाला जमेल का हे? तीन शब्द बोलली आणि रडायला लागली. आनंदाने असणार.

७ ऑक्टोबर

आज कुंची उत्सव. ढोलांचा आवाज टेकडीपर्यंत. ह्यांना आवडतात म्हणून खाली जाऊन माशाच्या गरम वड्या आणल्या. अर्ध्या तासात परत आले.

गल्लीत जळक्या रबराचा वास. गाडी पोटावर बसलेली. हे आत, बटणावर बोट. बोटाचं टोक लालभडक.

"दमलाय गं तो," म्हणाले. "जरा थांबू या."

मी शेजारच्या सीटवर बसले. वड्या तिथेच खाल्ल्या.

१३ ऑक्टोबर

नवा कॉम्प्रेसर घ्यायचाच, पण परीक्षा झाल्यावर. तोवर सराव. सोळा वस्तू ओट्यावर मांडल्या, मग फडक्याने झाकल्या. नऊ ओळखल्या!

म्हणजे सहा. तीन मी थोड्या सुचवल्या. परीक्षेतही थोडं सुचवत असतील.

२० ऑक्टोबर

ट्रामने गेलो. हे डेपोचं जुनं जॅकेट घालून, भांग पाडून. आत जाताना म्हणाले, "नवीन पोरांची परीक्षा आहे ना आज? कडक घेतो."

बाहेर आले तेव्हा खूश होते. टेबलामागच्या मुलीने कागद दोन्ही हातांनी माझ्याकडे दिला आणि अगदी हळू बोलली. डॉक्टरांना दाखवायला हवं, आणि लवकर.

वर्ष चुकीचं लिहिलं होतं. एकोणीस वर्षांनी मागचं. ज्या वर्षी गाडी घेतली ते. ही काही फार मोठी चूक नाही.

परतताना ट्राममध्ये ह्यांनी विचारलं, "गाडी कुठे लावलीय आपण?"

म्हटलं, इवानागांकडे. नाहीतरी आता तिथेच जायची आहे.

२६ ऑक्टोबर

इवानागा गाडी न्यायचा ट्रक घेऊन आले. दुरुस्तीला. कागदावर 'विक्री' लिहिलंय, पण तो छापील नमुना असतो.

चढ अवघड, गल्ली अरुंद, आणि ट्रक उलटा आणायचा. इवानागा दोनदा अडले. तेवढ्यात हे पांढरे हातमोजे आणि डेपोची टोपी घालून बाहेर आले. गल्लीच्या मधोमध उभे राहिले, हात उंच केला. "येऊ द्या, येऊ द्या... उजवं... अजून... बस!" भिंतीपासून चार बोटं. पूर्वीसारखंच. मला वाटलं, बघा, सगळे बघा.

गाडी चढवली, साखळ्या लावल्या. इवानागा खाली उतरून ह्यांच्यापुढे वाकले आणि बराच वेळ वर उठले नाहीत.

"उस्ताद, जपून नेतो."

"घाई नको करू रे," हे म्हणाले.

ट्रक वळणावरून दिसेनासा झाला. ह्यांनी हातमोजे काढले, नीट घडी केली, टोपी काढली आणि माझ्यासमोर येऊन वाकले.

"बाई, काळजी करू नका तुम्ही. गाडी चांगली आहे. कॉम्प्रेसरवर भार पडला, एवढंच. ज्याने वापरली त्याला कुणी नियम सांगितले नसणार. गुरुवारी या, तयार ठेवतो."

मीही वाकले. म्हटलं, बरं. गुरुवारी येते.

मग आम्ही घराकडे वळलो. दार त्यांनी उघडून धरलं आणि आधी मला जाऊ दिलं.