आईनं घासलेली देवी

पोशेरा

प्रिय रोहिदास,

पत्र बघून हसशील. ताईचा मोबाइल बिघडला की काय, म्हणशील. बिघडलेला नाही रे. पण हे लिहूनच सांगायचं होतं.

तू व्हिडिओत पाहिलंस ते खरं निघालं. देव्हाऱ्यातली आपली तांब्याची देवी म्हणजे अमेरिकेचं एक सेंटचं जुनं नाणं आहे. नाशिकच्या नाणेवाल्यानं भिंगाखाली धरून सांगितलं. अंबाडा घातलेली ती बाई देवी नाही, राणीही नाही. तिकडच्या लोकांनी स्वातंत्र्याला बाईचं रूप दिलं, तीच ही. पावणेदोनशे वर्षांपूर्वी अमेरिकेहून जहाजातून मुंबईला बर्फ यायचा म्हणे. एखाद्या खलाशानं ते इथे खर्चलं असेल, असा त्याचा अंदाज. आपल्या पणजीपर्यंत ते कसं पोचलं, हे मात्र त्यालाही सांगता येईना. तिनं जन्मात बर्फ पाहिला नसेल, पण नाण्याला भोक पाडून गळ्यात घातलं आणि म्हातारपणी देव्हाऱ्यात बसवलं. मला तिचं कौतुकच वाटलं.

आता किमतीचं. अशी नाणी तिकडे लाखांनी पाडली, त्यामुळे नुसतं जुनं म्हणून कुणी विचारत नाही. तांब्यावर वर्षानुवर्षं चढलेला तपकिरी रंग जसाच्या तसा असेल, तर हौशी लोक चांगले पैसे मोजतात. आणि आपली आई दर दिवाळीत वाघबारशीला चिंच आणि राख घेऊन बसायची! "देवीचा तोंड कालां ठेवायचा नाय," म्हणायची. घासून घासून देवीचं नाक गेलं, सालाचा शेवटचा आकडा गेला. त्यात ते भोक. "ताई, आईंनी जो मळ काढला, त्यालाच भाव होता," नाणेवाला म्हणाला. दोन माणसांचं जेवण होईल एवढे पैसे द्यायला तयार होता. मला रागच आला त्याचा. आईचं चुकलं असं परक्या माणसानं म्हणावं, हे मला सोसत नाही. नाणं उचललं आणि घरी आणलं.

हे सगळं मला कळून बरेच दिवस झाले. दुकान बंद आहे, माणूस गावाला गेलाय, असं तुला सांगत राहिले ते खोटं होतं. आई गेल्यापासून तुझा फोन सणावारीच यायचा. व्हिडिओ पाहिलास आणि उल्हासनगरहून रोज संध्याकाळी यायला लागला. आधी नाण्याचं विचारायचास, मग ताई जेवलीस का, नाचणी कशी आहे, शाळेतली पोरं त्रास देतात का. शाळेतून आले की मी रेंजसाठी टेकाडावर जाऊन उभी राहायची. घरात माझ्याशी बोलणारं दुसरं कुणी नाही, रोहिदास. नाण्यात काही नाही हे कळल्यावर तुझ्याजवळ विचारायला काय उरणार, ते मला समजतं. फोनवर सांगितलं असतं, तर त्याच संध्याकाळी सगळं संपलं असतं. पत्र मोखाड्याच्या पोस्टातून तुझ्याकडे पोचायला चार-पाच दिवस तरी लागतील. तेवढे दिवस तुझा फोन येईल.

तुझीच,
नीताताई