पायाची शीर आणि अग्नीचा मान

मी, धर्मपाल जगन्नाथ तळभंडारे, वय ७६, टपाल खात्यातून निवृत्त, राहणार बुधवार पेठ, सोलापूर, हे लिहून ठेवतो. पूर्ण शुद्धीत आहे. सहावीच्या पुस्तकातल्या सगळ्या कविता आजही चालीवर म्हणतो. डॉक्टरांनी दोन ऐकल्या आणि घाईने दाखला दिला. माझ्यावर दबाव नाही. पुतण्या संघपालने आणून पाहिला, पण त्याचे वजन कधी पडलेच नाही.

१. माझे स्वकष्टार्जित दोन खोल्यांचे घर व बँकेतील शिल्लक मी माझी सून संघप्रिया, माझा मुलगा कालकथित सुगत याची पत्नी, हिला देतो. ती पुण्यात रक्तवाहिन्यांवर संशोधन करते. सुगत गेल्यावरही दर शनिवारी येते, माझ्या कविता ऐकता ऐकता झोपते. तरी देतो.

२. कारण असे. माझ्या बायपासमध्ये डाव्या पायाची शीर काढून हृदयावर धमनीच्या जागी जोडली. संघपाल भेटायला आला. सात रस्ता चौकात त्याचा विज्ञानाचा क्लास आहे. बोर्डावर स्वतःचा फोटो, एवढाच त्याचा आजवरचा प्रयोग. माझ्यासाठी आणलेले सफरचंद स्वतः खात म्हणाला, “आबा, पायाची शीर ती पायाचीच ऱ्हाणार की. आन् सून ती सून. अग्नी द्यायला मीच लागणार न्हवं?” घराची कागदपत्रे कुठे असतात, हेही त्याच घासात विचारले.

तो गेल्यावर मी संघप्रियेला विचारले, हा गाढव खरे बोलतो का? तिने समजावले की शीर कोण, धमनी कोण हे गर्भातच ठरते, पण पुरती वाढलेली पेशीही त्यावर अडून बसत नाही. शरीरात वाढीचे निरोप देणारी प्रथिने असतात. त्यातले एक काचेच्या बशीत शिरेच्या पेशींना दिले, की शिरेची खूण फिकी होते, धमनीची दिसू लागते.

म्हणजे माझी शीर आता धमनी झाली?

“पूर्ण नाही, मामा. जुनी खूण लवकर पुसते. नवी उमटेलच असं नाही.”

एवढे बोलून ती खिडकीबाहेर पाहत राहिली. सुगतच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला संघपालने तिला मागच्या सतरंजीवर बसवून, ‘ही वाघमाऱ्यांची मुलगी’ अशी माहेरच्या आडनावाने ओळख करून दिली होती.

३. संघपालला, शस्त्रक्रियेनंतर पायात घालायचा माझा लांब, घट्ट मोजा. धुतलेला आहे. पायाचे ते पायाचेच, हे त्याचेच मत. डावा आहे, उजव्यासाठी कोर्टात जाऊ नये.

४. कवितांची जुनी पुस्तके संघप्रियेला, झोप लागत नसेल तेव्हासाठी.

५. देहदानाचा अर्ज भरला आहे. नियमात बसत असेल तर हृदयावरची ती शीर संघप्रियेच्या प्रयोगशाळेत द्यावी. कोणती खूण उरली ते तिने पाहावे. सबब अग्नी नाही, आणि अग्नी देणाराही लागत नाही. संघपालने त्या दिवशी क्लास घ्यावा. न घेतल्यास मुलांचे नुकसान नाही.

६. कलम १ मध्ये ‘सून’ वकिलांनी लिहायला लावले. देह सोपवताना संघप्रियेला नाते विचारतील. तिने मुलगी सांगावे. आमच्या घरात ही खूण उमटायला फार उशीर झाला. आता माझ्या सहीने उमटली.

सही: ध. ज. तळभंडारे

आमच्या समोर सही केली:
१. चनबसप्पा हत्तुरे, शेजारी
२. जगदेवी बिराजदार, निवृत्त शिक्षिका

सोलापूर, ९ फेब्रुवारी २०२५