पट्टा सैल बांधावा

मी, ओर्तेन्सिया वियाक्रेस, वय वर्षे एकोणऐंशी, व्यवसाय नवजात बाळांवरील शस्त्रक्रिया (सध्या बंद), राहणार रिओबांबा, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, राजीखुशीने आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत असल्याचा दाखला देणारा डॉक्टर माझाच विद्यार्थी आहे. त्याच्या बुद्धीचा दाखला मला देता आला नसता, पण कायद्याने तो मागितलेला नाही. मी लग्न केलं नाही, मला मूलबाळ नाही. सख्ख्या नात्यात एक भाचा आहे, आणि तो भरपूर आहे.

पहिलं कलम भाच्याचंच, म्हणजे तो पुढचं शांतपणे ऐकेल. फाउस्तो माझ्या आजारपणात नेमाने येत असे. उशाशी बसून, माझा हात हातात घेऊन खिडकीतून घराची लांबीरुंदी बघत असे.

"मावशी, समोर इस्पितळ आहे आणि गाड्या लावायला कुठे जागा नाही. हे घर पाडून पार्किंग केलं ना, तर सोनं आहे सोनं."

"आणि इथे राहणाऱ्या बायका?"

"त्या कुठेतरी राहतीलच की. आधी राहायच्याच ना?"

तर फाउस्तोला मी माझी निळी गाडी देत आहे. ती बरीच वर्षं अंगणात एका जागी उभी आहे आणि हलणार नाही, त्यामुळे त्याची पार्किंगची हौस पूर्ण भागेल. याउपर माझ्या कोणत्याही मिळकतीवर त्याने हक्क सांगू नये.

माझी शस्त्रक्रियेची हत्यारं, म्हणजे बारीक चिमटे, सुया धरायच्या पकडी आणि डोळ्यांवरची भिंगं, माझ्या जागी आलेल्या डॉ. पाउलिना यांना द्यावीत. अन्ननलिका बंद असलेलं बाळ त्या माझ्यापेक्षा सफाईने दुरुस्त करतात. हे मी त्यांना कधी सांगितलं नाही, आणि आताही मी मेल्यावरच त्यांना कळेल याची तजवीज केली आहे.

घराचं कलम आता. ते नीट वाचावं, कारण कोर्टात भांडण झालं तर याच्यावरून होईल.

आमच्याकडे बाळ जन्मलं की मानेपासून पायापर्यंत विणलेल्या पट्ट्याने आवळून गुंडाळतात. वाईट वारा लागू नये, पाय सरळ वाढावेत म्हणून. वरच्या थंड माळरानावर ते ठीकही आहे. पण कधी कधी बाळ शौचाची जागाच नसलेलं जन्मतं, आणि पट्ट्याखाली ते कोणाला दिसत नाही. उलट घरात कौतुक चालतं. मान्वेला युकिलेमा नावाच्या एका बाळंतिणीच्या सासूने इस्पितळात आल्याआल्या मला अभिमानाने सांगितलं होतं, "पोर फार गुणाची, डॉक्टरीणबाई. जन्मल्यापासून एक कापड खराब केलं नाही." गुणाच्या पोरीचं पोट तेव्हा ढोलासारखं फुगलं होतं.

मी हात धुवायच्या आतच वॉर्डातल्या जोगीण सिस्टर बेनिग्नांनी बाळाच्या डोक्यावर पाणी शिंपडून बाप्तिस्मा उरकला, न जाणो पोर टेबलावर गेली तर. माझ्यावर त्यांचा एवढा विश्वास. मुलीला नाव नव्हतं, म्हणून त्यांनी माझंच ठोकून दिलं. छोटी ओर्तेन्सिया टेबलावर गेली नाही. मी पोटावर तात्पुरती वाट काढली, पोट उतरलं, पोर दूध मागू लागली. महिन्याभरात कायमची वाट करायची, एवढंच बाकी होतं.

पण आमचे तेव्हाचे मुख्य डॉक्टर आर्सेनियो शिस्तीचे. भेटीची वेळ संपली की ते स्वतः घंटा वाजवत आणि आयांना फाटकाबाहेर काढत. मी म्हटलं, "बाळ अंगावर पितंय, आई बाहेर कशी?" ते म्हणाले, "हे इस्पितळ आहे, धर्मशाळा नाही." मान्वेला फाटकाबाहेर गारठ्यात घोंगडी पांघरून बसायची. शेवटी सासू आली, घरी मेंढ्यांकडे बघायला कोणी नाही म्हणाली, आणि दोघी बाळ घेऊन गेल्या. सकाळी मी आले तेव्हा पाळणा रिकामा होता. घरी सासूने पोटावरच्या भोकातून वारा शिरू नये म्हणून त्याच्यावरूनच पट्टा आवळला. चांगल्या मनाने, चांगला घट्ट. पोर गेली.

माझा टाका एकही उसवला नव्हता. याचा मला आजही राग येतो.

समोरचं हे घर मी त्यानंतर घेतलं आणि दारावर मोठ्या अक्षरांत पाटी लावली: धर्मशाळा. आर्सेनियोंच्या खिडकीतून ती सरळ दिसते, हा निव्वळ योगायोग. मान्वेला बटाट्याचं पोतं पाठीवर घेऊन आली आणि थेट स्वयंपाकघरात शिरली.

"आता इकडे काय काम काढलंस?" मी विचारलं.

"तुम्ही बायकांना पट्टा बांधूच नका म्हणून सांगता म्हणे."

"सांगते."

"ऐकतं का कोणी?"

"नाही."

"नाहीच ऐकणार. सासवा आहेत घरी. मी इथे राहते आणि सैल बांधायला शिकवते. सूप पण करीन. तुमचं सूप कुत्रं खाणार नाही."

तेव्हापासून शस्त्रक्रिया झालेल्या बाळांच्या आया बाळ बरं होईपर्यंत इथे राहतात, आणि पट्टा कुठून कसा फिरवायचा हे मान्वेलाने पसंत केल्याशिवाय एकीलाही घरी जाता येत नाही. हे घर पडलं तर त्या पुन्हा फाटकाबाहेर बसतील, पुन्हा लवकर निघून जातील, आणि पट्टा पुन्हा घट्ट बांधला जाईल. सबब हे घर, आतल्या भांड्याकुंड्यांसह, मी मान्वेला युकिलेमा हिला देत आहे. ते विकू नये, गहाण ठेवू नये, आणि सुपाला नावं ठेवणाऱ्या डॉक्टरांना जेवायला बसवू नये.

डॉ. आर्सेनियो हयात आहेत असं कळतं. त्यांची घंटा माझ्याकडे आहे. त्यांच्या निरोपसमारंभात मी ती चोरली. ती त्यांना परत करावी. भेटायला आलेल्या स्वतःच्या मुलांना खोलीबाहेर काढायला उपयोगी पडेल.

माझ्या थडग्यावर मृतांच्या दिवशी रिवाजाप्रमाणे पावाची बाळं, म्हणजे पट्ट्यात गुंडाळलेल्या बाळाच्या आकाराचे गोड पाव, आणाल, तर बेकरीवाल्याला साखरेचा पट्टा अर्ध्यातच सोडायला सांगावं.

कपाटाच्या वरच्या कप्प्यात छोट्या ओर्तेन्सियाचा लाल पट्टा आहे. मान्वेला म्हणाली होती, "इथे राहू दे, घरी बघवत नाही." तो माझा नाही, म्हणून मला तो देता येत नाही, फक्त परत करते. या घरातून यापुढे जे पहिलं बाळ बरं होऊन जाईल त्याला तिने तो बांधावा अशी माझी इच्छा आहे. कसा बांधायचा ते तिला सांगायला नको.

नोटरीसाहेब म्हणतात, जिला मिळकत मिळते तिला साक्षीदार होता येत नाही, वाचन चालू असताना तिने खोलीत थांबूही नये. म्हणून मान्वेला आत्ता दाराबाहेर उभी आहे. बाहेर उभं राहायची तिला सवय आहे. माझं म्हणणं संपलं. सह्या झाल्या की दार उघडा आणि तिला आत घ्या.

ठिकाण: धर्मशाळा, इस्पितळासमोर, रिओबांबा
दिनांक: ३ ऑक्टोबर २०१९

सही: ओर्तेन्सिया वियाक्रेस

आमच्यासमक्ष वाचून सही केली, साक्षीदार:
१. सेगुंदो वायेहो, बेकरीवाला (साखरेच्या पट्ट्याची सूचना समजली)
२. सिस्टर बेनिग्ना
३. लिगिया बोनिया, शेजारीण

नोटरी: ॲड. एफ्राइन मोन्काय्यो