उसण

२५ नोव्हेंबर १९७४
साताऱ्याची एसटी चक्क वेळेवर स्वारगेटला पोचली! कसबा पेठेतल्या मुलींच्या शाळेत खेळाच्या बाई म्हणून रुजू झाले. मुख्याध्यापिका आनंदीबाईंनी शिट्टी हातात ठेवत विचारलं, वाजवता येते ना? झालं पुणेरी स्वागत. पण मी पायाळू, म्हणजे पायांकडून जन्मलेली, आहे कळताच त्यांनीच दार लोटून पाठीला माझा पाय लावून घेतला. उसण गेली म्हणे. माझी कीर्ती मधल्या सुट्टीपर्यंत शाळाभर.

२ डिसेंबर
नववीतली जुबेदा म्हणजे सोनं सापडलंय! ताडमाड उंच, लांबसडक हात. उंच उडीत तिला तोड नाही. अंगठा आत घालून मूठ वळते, तर तो करंगळीपलीकडून डोकावतो. मग सगळ्या ओरडतात, “चोर पळाला!” माझा चोर काही पळेना. पोरी खिदळल्या.

९ डिसेंबर
उडीनंतर जुबेदा म्हणाली, खांद्यांच्या मधोमध फाटल्यासारखं दुखतंय. उसण भरली असेल, म्हटलं. पालथं झोपवून तीनदा पाय लावला. बरं वाटतंय म्हणाली. मी आणखी एक उडी मारायला लावली.
पडली ती उठलीच नाही.

१२ डिसेंबर
शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांना भेटले. हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी फाटली होती. तिची भिंत जन्मापासूनच कच्ची. अशी मुलं उंच, लांब बोटांची. मुठीतून अंगठा बाहेर येतो. भावंडांतही असू शकतं, त्यांना धावू देऊ नका, तपासायला आणा, घरी तुम्हीच समजावून सांगा, म्हणाले.
उसण नव्हती ती. आणि मी पाय लावला.

१५ डिसेंबर
जुबेदाच्या घरी गेले. तिची आई, मदिनाबी, मलाच धीर देत होत्या. पोरीचं हृदय बंद पडलं, एवढंच त्यांना ठाऊक. धाकटी नसीमबानू पाणी घेऊन आली. दहा वर्षांची, पण पेल्याभोवती बोटं — केवढी लांब. मी रडतेय पाहून तिने मूठ वळून दाखवली. चोर पळाला, बाई, म्हणाली.
सांगायलाच हवं होतं. पाणी पिऊन उठले. उद्या सांगते.

१६ डिसेंबर
तीनदा त्यांच्या बोळापर्यंत — तीनदा परत. एक गेली, आता दुसरीचं कोणत्या तोंडाने —
पाच वाजले. आता जातेच.
जिन्यात कोणीतरी — मदिनाबींचा आवाज. नसीमला उचलून आणलंय. जुबेदाने सांगितलं होतं म्हणे, बाई पायाळू आहेत — पोरीच्या पाठीत उसण भरलीय, तेवढा पाय —